संवाद नीट ऐकू येत नाहीत? होम थिएटरचा मधला स्पीकर पुढच्या दोघांशी जुळतो का, ते आधी पाहा

फोपनार (जि. बुऱ्हाणपूर) : केळीचे पैसे हातात आले की आमच्या भागात मोठ्या टीव्हीची खरेदी होते आणि मागोमाग घरात होम थिएटर येतं. पहिल्या दिवशी सगळे खूश असतात. गाडी उडाली, विमान डोक्यावरून गेलं, खिडक्या थरथरल्या. दोन आठवड्यांनी मात्र तक्रार सुरू होते. गाणी जोरात वाजतात, पण माणसं काय बोलतात तेच कळत नाही. मग रिमोट हातात घेऊन बसायचं. संवाद आला की आवाज वाढवा, मारामारी आली की कमी करा.

आमच्या घरीही हेच झालं होतं. पुढचे दोन उभे स्पीकर आधीपासून होते. त्यांच्या जोडीला मी दुकानातून दुसऱ्याच कंपनीचा सेंटर स्पीकर आणला. रंग काळा, आकार बरोबर, किंमतही बरी. लावला, आणि पहिल्याच सिनेमात वडील म्हणाले, "अरे, हा माणूस डावीकडून मधे आला की त्याचं नाक चोंदतं का?" दोष सिनेमाचा नव्हता, स्पीकरचाही नव्हता. दोष जोडीचा होता.

या लेखाचं सार आधीच सांगतो. मधला स्पीकर महागडा असण्यापेक्षा पुढच्या दोघांसारखा असणं जास्त महत्त्वाचं आहे. तसा मिळत नसेल, तर विजोड स्पीकर घेण्यापेक्षा तूर्त मधला स्पीकर नसलेला बरा. असं का, आणि जुळणी कशी करायची, ते क्रमाने पाहू.

मधल्या स्पीकरचं काम काय?

५.१ होम थिएटरमध्ये पाच स्पीकर आणि एक सबवूफर असतो. पुढे डावा, उजवा आणि मधला, तर मागे किंवा बाजूला दोन सराउंड. ‘.१’ म्हणजे फक्त खर्जाचा सबवूफर. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. संगीत आणि आजूबाजूचे आवाज डाव्या-उजव्यात पसरलेले असतात. म्हणजे सिनेमाची गोष्ट आपल्याला मुख्यतः हा एकच स्पीकर सांगतो.

पण पडद्यावर माणसं एका जागी उभी राहत नाहीत. मोटारसायकल डावीकडून उजवीकडे जाते, तेव्हा तिचा आवाज डाव्या स्पीकरमधून मधल्यात आणि मधल्यातून उजव्यात सरकतो. तिन्ही स्पीकर एकसारखे बोलत असतील तर कानाला एकच गाडी जाताना ऐकू येते. मधला वेगळा असेल तर गाडी मधेच बदलल्यासारखी वाटते. माणसाच्या आवाजात हा फरक आणखी पटकन कळतो, कारण माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलोय.

ही कल्पना आली कुठून?

बोलपटाच्या सुरुवातीला आवाज एकाच ट्रॅकवर असायचा आणि तो पडद्यामागच्या स्पीकरमधून यायचा. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आणला, तो याच जमान्यातला. आवाज पडद्याच्या मधून येतो ही सवय प्रेक्षकाला तेव्हापासूनची आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज एकापेक्षा जास्त स्पीकरचे प्रयोग करत होती. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोहोचवला गेला आणि तिथे तो डावा, मधला, उजवा अशा तीन स्वतंत्र वाहिन्यांवर ऐकवला गेला. दोनच स्पीकर असले तर बाजूला बसलेल्या माणसाला मधला गायक जवळच्या स्पीकरकडे ओढला गेल्यासारखा वाटतो. मधे स्वतंत्र स्पीकर असला की तो गायक जागेवर राहतो. १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटेशिया’ चित्रपटासाठी पडद्यामागे तीन वाहिन्या वापरल्या गेल्या.

घरापर्यंत ही सोय यायला बराच काळ गेला. १९८७ च्या डॉल्बी प्रो लॉजिकमुळे घरच्या यंत्रणेत मधला स्पीकर वेगळा चालवता येऊ लागला. १९९२ पासून सिनेमागृहांत डॉल्बी डिजिटल आलं, पुढे ते डीव्हीडीमार्फत घरात आलं आणि मधल्या स्पीकरला स्वतःचा वेगळा ट्रॅक मिळाला.

एक गोष्ट लक्षात घ्या. सिनेमागृहात पडद्यामागचे तिन्ही स्पीकर सहसा एकाच मॉडेलचे असतात, कारण पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि आवाज त्यातून येतो. घरात टीव्हीच्या आरपार आवाज जात नाही. म्हणून मधला स्पीकर टीव्हीच्या खाली बसेल असा आडवा, बुटका करावा लागला. जुळणीचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

‘जुळणं’ म्हणजे नेमकं काय?

एकच सूर बासरीवर आणि हार्मोनियमवर वाजवला तरी आपण डोळे मिटून दोन्ही वाद्यं ओळखतो. सूर तोच, पण आवाजाचा पोत वेगळा. यालाच इंग्रजीत टिंबर म्हणतात. स्पीकरलाही असा पोत असतो. जुळणी म्हणजे पुढच्या तिघांचा पोत एक असणं. आवाजाची पातळी सारखी असणं ही वेगळी गोष्ट आहे, ती रिमोटने जुळवता येते. पोत रिमोटने पूर्ण जुळत नाही.

मराठीला तर याची जास्त गरज आहे. ‘सरण’ आणि ‘शरण’, ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च, हा फरक ऐकू येतो तो वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजामुळे. ‘स’चा जोर साधारण ४,००० हर्ट्झच्या वर असतो, ‘श’चा त्याच्या जरा खालून सुरू होतो. स्वरांचा जोर मात्र बराच खाली असतो. वरच्या पट्टीत स्पीकर कमी पडला की आवाज मोठा असूनही शब्द कळत नाही. वय वाढलं की कानाची वरची पट्टीच आधी कमी होते. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हा त्रास सगळ्यात आधी होतो, आणि आपण समजतो की त्यांना ऐकूच कमी येतं.

खरेदीपूर्वी काय पाहायचं?

१. कंपनी आणि मालिका : एकाच कंपनीची एकच मालिका घ्या. नुसती कंपनी एक असून चालत नाही. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मालिकांचा आवाज वेगळा असू शकतो. बहुतेक कंपन्या प्रत्येक मालिकेत तिचाच सेंटर देतात.

२. ट्विटर : वरच्या पट्टीचा आवाज काढणारा छोटा स्पीकर म्हणजे ट्विटर. पुढच्या दोघांत कापडी घुमटाचा असेल तर मधल्यातही तोच हवा. धातूचा असेल तर धातूचा, भोंग्याचा म्हणजे हॉर्नचा असेल तर हॉर्नचाच. कापडी आणि हॉर्न यांची जोडी कानाला लगेच खटकते.

३. मधल्या पट्टीचा ड्रायव्हर : त्याचा कोन कागदी आहे की प्लास्टिकचा, ते पाहा. शक्यतो तिघांतही सारखाच असावा. आकार थोडा लहान असला तरी चालेल, कारण खर्ज सबवूफर सांभाळतो.

४. सेन्सिटिव्हिटी : डब्यावर ८७ डीबी, ९० डीबी असं लिहिलेलं असतं. ३ डीबीच्या फरकाला अँपची दुप्पट ताकद लागते. पुढचे दोन ९० चे आणि मधला ८७ चा असेल तर रिसिव्हर पातळी जुळवून देतो, पण मधल्यासाठी त्याला दुप्पट वॅट द्यावे लागतात. फरक जितका कमी तितका चांगला.

५. ओहम : रिसिव्हरच्या मागे किमान किती ओहमचा स्पीकर चालतो ते छापलेलं असतं. त्याच्या खालचा स्पीकर जोडू नका, अँप तापतो.

आपल्याकडे असेम्बल केलेल्या सेटचंही बरंच चालतं. कारागिराकडून डबे बनवून घेणार असाल तर त्याला स्पष्ट सांगा : पुढच्या तिन्ही डब्यांत एकाच मॉडेलचे ड्रायव्हर, एकाच मॉडेलचे ट्विटर आणि एकसारखा क्रॉसओव्हर. बऱ्याचदा दोन उभ्या डब्यांत चांगला माल घालतात आणि सेंटरला उरलेलं साहित्य लावतात. खरं तर काटकसर करायचीच असेल तर ती मागच्या सराउंडमध्ये करा.

आडव्या सेंटरची एक अडचण

बाजारात मिळणारा सेंटर बहुधा असा असतो : मधे ट्विटर, दोन्ही बाजूंना दोन वूफर. समोर मधोमध बसलेल्याला तो छान ऐकू येतो. बाजूला बसलेल्याला मात्र दोन वूफरचा आवाज थोडा मागेपुढे पोहोचतो आणि काही पट्ट्यांत ते दोन आवाज एकमेकांना खोडतात.

हिशेब साधा आहे. समजा दोन वूफरच्या केंद्रांमध्ये ३० सेंटीमीटर अंतर आहे आणि तुम्ही मध्यरेषेपासून ३० अंश बाजूला बसलाय. दोन आवाजांच्या वाटेत १५ सेंटीमीटरचा फरक पडतो. ज्या आवाजाची लहर ३० सेंटीमीटरची असते, तो या फरकाने खोडला जातो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ही पट्टी साधारण १,१४० हर्ट्झची आली. माणसाच्या बोलण्याच्या ऐन मधली.

म्हणून घरात पाच-सहा जण लांब ओळीत बसत असतील तर तीन-मार्गी सेंटर पाहा. त्यात ट्विटरच्या खाली किंवा वर मधल्या पट्टीचा एकच वेगळा ड्रायव्हर असतो आणि बाजूचे वूफर फक्त खालचा आवाज काढतात. खोली अरुंद असेल आणि सगळे समोरच बसत असतील तर साधा सेंटरही पुरतो.

जोडी मिळतच नसेल तर?

जुन्या स्पीकरची मालिका बंद झालेली असते आणि रावेर-भुसावळपासून खंडवा-इंदूरपर्यंत विचारलं तरी सेंटर मिळत नाही. अशा वेळी हे पर्याय आहेत.

पहिला : पुढचे दोन बुकशेल्फ स्पीकर असतील तर त्याच मॉडेलचा तिसरा स्पीकर मधे उभा ठेवा. यापेक्षा चांगली जुळणी नाही. अडचण एवढीच की ते जोडीने विकतात, एक शिल्लक राहतो. मित्राला हवा असेल तर खर्च वाटून घ्या. तो आडवा मात्र पाडू नका, नाहीतर वर सांगितलेली बाजूच्या आवाजाची अडचण इथेही येते.

दुसरा : त्याच मालिकेचा जुना सेंटर शोधा. घेण्यापूर्वी वाजवून पाहा, ट्विटर चालू आहे का ते कान जवळ नेऊन तपासा आणि कोनची कड फाटलेली नाही ना ते बघा.

तिसरा : पुढचे दोन विकून तीन लहान पण एकाच मालिकेचे स्पीकर घ्या. तीन जुळणारे लहान स्पीकर आणि सबवूफर हा सेट दोन मोठे आणि एक विजोड यापेक्षा चांगला ऐकू येतो.

चौथा : मधला स्पीकर सध्या लावूच नका. रिसिव्हरच्या मेनूत सेंटर ‘नन’ किंवा ‘नो’ करा. मग मधला ट्रॅक डाव्या-उजव्यात सारखा वाटला जातो आणि मधोमध बसलेल्याला आवाज टीव्हीतूनच आल्यासारखा वाटतो. मात्र नुसता स्पीकर काढून मेनू तसाच ठेवला तर संवादच गायब होतील. घरात एक-दोघंच समोर बसून पाहत असतील तर हा पर्याय उत्तम आहे, आणि फुकट आहे.

आमच्या घरी मी आधी चौथा पर्याय वापरला. पुढे पैसे जमले तेव्हा तिसरा केला.

ठेवायचा कुठे?

स्पीकर जुळला तरी चुकीच्या जागी ठेवला तर फायदा नाही.

- मधला स्पीकर टीव्हीच्या बरोबर मधोमध, खाली किंवा वर ठेवा. ट्विटरचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे असू द्या. खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचे तुकडे लावून थोडा वर कलवा.
- शोकेसच्या खणात आत ढकलू नका, आवाज घुमतो. स्पीकरचं तोंड फळीच्या कडेपर्यंत पुढे आणा.
- पुढच्या तिन्ही ट्विटरची उंची शक्य तितकी सारखी ठेवा. डावा-उजवा कानाच्या उंचीवर आणि मधला गुडघ्याखाली असेल तर गाडी जाताना खड्ड्यातून गेल्यासारखी वाटते.
- डावा आणि उजवा स्पीकर मध्यरेषेपासून प्रत्येकी सुमारे ३० अंशांवर असावा. दोघांमधलं अंतर आणि तुमच्यापासूनचं अंतर साधारण सारखं ठेवलं की हा कोन आपोआप जमतो.
- आपल्या घरांत सिमेंटचा स्लॅब, फरशी आणि कोऱ्या भिंती असतात, त्यावरून आवाज आपटतो आणि शब्द पुसट होतात. समोर जाड सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा. बुऱ्हाणपूर हे पॉवरलूमचं गाव, कापड आपल्याकडे हाताशी आहे.

सेटिंग : याच क्रमाने करा

१. तारा : अँप बंद करून लाल टोक लालला, काळं काळ्याला जोडलंय का पाहा. एकाच स्पीकरची तार उलटी असेल तर आवाज पोकळ वाटतो.

२. टीव्हीचा मेनू : एचडीएमआय एआरसीने जोडलं असेल तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ऐवजी ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडा. पीसीएमवर अनेक टीव्ही दोनच वाहिन्या बाहेर देतात, मग मधल्या स्पीकरला त्याचा मूळ ट्रॅक मिळतच नाही.

३. स्पीकरचा आकार : सबवूफर असेल तर पुढचे तिन्ही ‘स्मॉल’ ठेवा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. मधला लहान असेल तर १०० करा. पुढच्या तिघांचा क्रॉसओव्हर जवळपास सारखा ठेवा.

४. अंतर : बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकर टेपने मोजून भरा. एक फूट अंतर कापायला आवाजाला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो, पण तेवढ्यानेही आवाजाची जागा हलते.

५. पातळी : टेस्ट टोन लावा आणि मोबाईलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने तिन्ही सारखे करा. अ‍ॅपचा आकडा अचूक नसला तरी तुलनेला चालतो. संवाद तरीही हळू वाटले तर मधला १ ते २ डीबीने वाढवा. त्याहून जास्त वाढवावं लागत असेल तर चूक जागेची किंवा जोडीची आहे.

६. माइक : ऑडिसी, वायपीएओ अशी आपोआप सेटिंग करणारी सोय असेल तर शेवटी माइक लावून ती चालवा. तिने विजोड स्पीकरमध्ये थोडी सुधारणा होते. पण स्पीकर बाजूला आवाज कसा फेकतो ते ती बदलू शकत नाही.

घरच्या घरी चाचणी

टेस्ट टोनचा ‘सूऽऽ’ असा आवाज डावीकडून मधे आणि मधून उजवीकडे जाताना डोळे मिटून ऐका. पातळी सारखी असूनही मधला जास्त ‘शूऽऽ’ किंवा ‘हूऽऽ’ वाटला तर पोत वेगळा आहे.

दुसरी चाचणी त्याहून चांगली. मोबाईलवर घरातल्या कुणाचं तरी बोलणं मिनिटभर रेकॉर्ड करा आणि रिसिव्हर ‘ऑल चॅनेल स्टीरिओ’वर ठेवून तेच वाजवा. दर वेळी अँप बंद करून बाकीच्यांच्या तारा सोडवायच्या आणि एकेकच स्पीकर ऐकायचा. आईचा आवाज तिन्हींतून आईसारखाच आला पाहिजे.

तिसरी चाचणी सिनेमाची. ‘सैराट’ (२०१६) यासाठी चांगला. अजय-अतुल यांनी त्याचं वाद्यवृंदाचं संगीत हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केलं, आणि संवाद करमाळ्याकडच्या बोलीत आहेत. सराउंड ट्रॅक असलेली प्रत लावा. गाण्यात व्हायोलिनं भरून आली आणि लगेच पुढच्या प्रसंगात बोलीतला शब्द न् शब्द कळला, तर तुमचा सेट जुळला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साउंडबारला हा प्रश्न येतो का? सहसा नाही. पुढचे सगळे आवाज एकाच डब्यातून आणि एकाच कंपनीच्या ड्रायव्हरमधून येतात. जागा कमी असेल आणि संवादच महत्त्वाचे असतील तर साउंडबार हा समंजस पर्याय आहे.

मालिका आणि बातम्यांचं काय? त्यांचा आवाज बहुधा दोनच वाहिन्यांचा असतो. रिसिव्हर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक २’वर ठेवला तर त्यातला बोलण्याचा आवाज वेगळा काढून मधल्या स्पीकरला दिला जातो.

रात्री आवाज कमी ठेवून संवाद कसे ऐकायचे? मेनूत ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ शोधा. ते मोठे आवाज दाबतं आणि लहान आवाज वर आणतं.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. एकूण बजेट ठरवताना माझा हिशेब असा असतो : आधी पुढचे तिघे एका मालिकेचे, मग सबवूफर, उरलेल्यात सराउंड. दुकानात जाताना मोबाईलमधलं आईचं रेकॉर्डिंग सोबत न्या आणि तिन्ही स्पीकर त्यावर ऐकून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. आमच्या घरी आता वडील रिमोट मागत नाहीत, शेवटपर्यंत सिनेमा पाहतात.